फूटबॅग शिकायचीय? आधी बॅग नीट घ्या

अमेरिकेत पोर्टलँडला राहायला आल्यावर कळलं की हॅकी सॅक म्हणतात ती फूटबॅग, म्हणजे छोटी भरलेली पिशवी पायाने उडवत ठेवायचा खेळ, इथनं जवळच, ओरेगन सिटीत १९७२ला सुरू झाली, माइक मार्शल स्वतः बनवलेली छोटी पिशवी पायाने उडवायचा आणि जॉन स्टॉलबर्गरला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय मोकळा करायला तेच आवडलं.

मी सुरुवातीला क्रोशाची विणलेली बॅग घेतली. मित्रांसोबत गोल करून खेळायला ती छान, पण फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे ट्रिक्स करत खेळताना, बॅग पायावर अलगद थांबवायची असते, त्याला स्टॉल म्हणतात, आणि माझी बॅग सारखी निसटायची. मग ३२ तुकड्यांची, स्वेडसारख्या मऊ कापडाची, थोडी सैल भरलेली घेतली, आणि खरं सांगते, त्याच आठवड्यात फरक पडला! आत वाळू किंवा प्लास्टिकचे बारीक दाणे असतात, सैल बॅग पायावर पसरते म्हणून टिकते.

बुटांचं पण तसंच. धावायचे जाड, टोकदार बूट नकोत, पुढून रुंद आणि सपाट हवेत, जुने खेळाडू आदिदासचा रॉड लेव्हर हा टेनिसचा बूट का वापरायचे ते घातल्यावर समजतं. लेसची खालची भोकं सोडून द्या, बोटांवर खोलगट जागा तयार होते, बॅग तिथेच बसते.

आधी फक्त टो स्टॉल, म्हणजे बॅग बोटांवर थांबवायची. बॅग हातातून सोडायची आणि पाय तिच्याबरोबर खाली न्यायचा, अंडं झेलतो तसं. नंतर क्लिपर, म्हणजे उभ्या पायाच्या मागे दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूवर झेलायची, अवघड आहे पण पुढच्या कितीतरी ट्रिक्स त्यावरच उभ्या आहेत, म्हणून दोन्ही पायांनी करा, प्लीज, पहिल्या दिवसापासून.