माला-एन सुरू करताना: माझा अनुभव

माला-एन म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायची सरकारी गोळी. आशाताईंकडे तिची पाकिटं असतात, सांगितलं की त्या घरी आणून देतात. पण आमच्या आशाताई सासूबाईंच्या नात्यातल्या, म्हणून मी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. त्या दिवशी कुठं गेली होतीस म्हणून कुणी विचारत नाही, अन् पाकीट भाजीच्या थैलीत सहज येतं.

केसपेपरच्या खिडकीवर "बायांच्या डॉक्टरकडे दाखवायचं आहे" एवढंच सांगायचं. गोळ्यांचं नाव आत नर्सबाईंजवळ घ्यायचं. सरकारी माला-एन फुकट मिळते. नवऱ्याची सही लागत नाही, कुणी मागितलीच तर तसं ठामपणे सांगा. पाकिटं एकदम तीन मागा, म्हणजे दर महिन्याला चक्कर नको.

आधी बीपी मोजतात. 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर ही गोळी देत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पिणारं बाळ, डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी, काविळीसारखा यकृताचा आजार, पायात कधी रक्ताची गाठ झालेली असणं, वय 35 च्या वर अन् बिडीची सवय, यांतलं काही असेल तर लपवू नका. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर तीही सांगा, कारण त्यांनी या गोळीचा असर कमी होतो. बाळ अंगावर पीत असेल तर छाया गोळी मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा अन् मग एकदाच घ्यायची असते. तिच्यात हार्मोन नसतात. पाळी मात्र लांबते.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या, त्याच खऱ्या कामाच्या. शेवटच्या 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या, त्यांच्यात पाळी येते. संडास काळपट झाली तर ती लोहानं, घाबरू नका. पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं, मधे खंड नाही. मेडिकलमधल्या काही पाकिटांत 21च गोळ्या असतात, तिथं 7 दिवस थांबून नवं पाकीट सुरू करायचं. हा फरक न कळल्यानं गडबड होते.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच लागू पडते. एरवी सुरू केली तर 7 दिवस निरोध वापरावाच लागतो. मी रात्रीची भांडी घासून झाली की घेत होते, झोपेत मळमळ कळत नाही. पाकीट टिनाखालच्या फळीवर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथं भट्टी होते. माझं शिवणाच्या डब्यात, कापडाच्या तुकड्यांखाली होतं.

एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची ठरल्या वेळेला, भले त्या दिवशी दोन होवोत. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवताच एक घ्या, रोजची चालू ठेवा अन् 7 दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर पांढऱ्या संपवून लोहाच्या सोडा, थेट नवं पाकीट फोडा. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

पहिले तीन महिने जड जातात, बहुतेक जणी इथंच सोडतात. मधेच अंगावर थोडं थोडं जाणं, छाती दुखरी होणं, डोकं जड, मळमळ. चड्डीवर डाग पाहून "गोळी बाधली" म्हणतात अन् बंद करतात, अन् त्याच महिन्यात दिवस जातात. डाग हार्मोनची सवय होईपर्यंतचे असतात, मधे मधे चुकवलं की वाढतात. गोळ्या पोटात साचतात हेही खरं नाही. बंद केल्या की दिवस राहू शकतात.

एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, नजर अंधारली किंवा कधी नव्हे असं डोकं उठलं, तर मात्र गोळी बंद अन् त्याच दिवशी दवाखाना.

तिसरं पाकीट फोडलं की येणाऱ्या बाजाराला पुढची तीन आणायची अन् तेव्हाच बीपी पुन्हा मोजून घ्यायचा.