पुढचा दात काढून लगेच इम्प्लांट: टिकणं वेगळं, दिसणं वेगळं

दात काढल्यावर त्याच बैठकीत बसवलेले इम्प्लांट (मुळाच्या जागी हाडात बसवायचे स्क्रू) टिकतात का? बहुतेक टिकतात. तुलनात्मक अभ्यासांच्या एका आढाव्यात लगेच बसवलेले सुमारे 95 टक्के टिकले, थांबून बसवलेले 99 टक्के. खरा घोळ वरच्या पुढच्या दातांत होतो: इम्प्लांट घट्ट असतो, पण वर्षभरात हिरडी मिलिमीटरभर वर चढते आणि कॅप लांबडी दिसू लागते.

कारण हाडात आहे. तिथली ओठाकडची भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षा पातळ. तिचा रक्तपुरवठा बराचसा दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्यातून येतो. दात गेला की ती झिजते. इम्प्लांट घातल्याने ही झीज थांबत नाही, हे 2005 सालीच प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. तरी ‘लगेच बसवा, हाड वाचेल’ हे अजून सर्रास ऐकू येतं!

म्हणून दात उपटायचा नाही. पेरिओटोमने (दाताभोवतीचे धागे कापणारं पातळ पात्याचं हत्यार) सुटा करायचा, शक्यतो हिरडी न उघडता, आणि दाताच्या मागे उरलेल्या खोबणीतला सडका भाग पूर्ण खरवडायचा. ड्रिल टाळूकडच्या भिंतीत धरायचं; खोबणीच्या मधोमध धरलं तर ते आपसूक ओठाकडे घसरतं. मुळाच्या टोकापलीकडे 3 ते 4 मिलिमीटर पक्कं हाड हवं, पकड तिथेच मिळते. खोबण भरेल एवढा जाड इम्प्लांट घालायचा मोह नको. ओठाकडे किमान 2 मिलिमीटर फट ठेवून ती सावकाश विरघळणाऱ्या बोन ग्राफ्टने (हाडाच्या जागी भरायची पूड) भरायची.

इम्प्लांट पिळून बसवताना लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास मिळाला तरच तात्पुरती कॅप, तीही खालच्या दातांना कुठेच न टेकणारी. दुखणं आठवड्यात थांबतं, पण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुन्या हाडाची पकड सैल होत असते आणि नवं हाड अजून कच्चं असतं. नेमका तेव्हाच पेशंट पुढच्या दातांनी पेरू तोडतो. पहिल्या महिन्यांतलं अपयश बरंचसं असल्या हालचालीतून किंवा राहिलेल्या जंतुसंसर्गातून येतं. तंबाखू, मिश्री चालू असेल किंवा रक्तातली साखर आटोक्यात नसेल तर धोका आणखी वाढतो.

सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) ओठाकडची भिंत तुटलेली दिसली किंवा पू असला, तर फक्त दात काढा. 6 ते 8 आठवड्यांत हिरडी बुजते. मग इम्प्लांट आणि ग्राफ्ट एकत्र करता येतात. तोवर काढता-घालता येणारा दात चालतो, मात्र त्याचा दाब जखमेवर येता कामा नये.