पायांना सुट्टी न देणारी सायकल

अकरा वर्षांपूर्वी नागपुरात नोकरीला असताना घेतलेली माझी फिक्स्ड गिअरची सायकल आता हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी, ओसरीत तुरीच्या पोत्यांना टेकून उभी असते. हिच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दात्यांची चकती, नाही. इथे दात्यांची साधी चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेली असून ती सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची रिंग बसवलेली आहे. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. पहिल्याच दिवशी व्हरायटी चौकात मी सवयीने पाय थांबवले आणि सायकलने मला सीटवरून अलगद वर उचलले, तेव्हा हा प्रकार नीट समजला.

पुढे पायच चौक ओळखू लागले. सिग्नल दिसण्याआधी ते वेग आवरायचे, तरी पुढचा ब्रेक मी कधी काढला नाही. ट्रॅकवर शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतात, पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात. इतवारीत हातगाडी, गाय आणि ऑटो तीन दिशांनी येतात.

मालकीची वर्षे वाढली तशी ही सायकल टायरवरून वाचता येऊ लागली. पुढे 48 आणि मागे 16 दाते ठेवले, तर पायडलच्या एका फेरीत चाक बरोबर तीनदा फिरते; म्हणून थांबण्यासाठी पायडल ठरावीक जागी अडवून चाक घसटताना दर वेळी टायरची एकच जागा जमिनीला लागते आणि तिथे लवकर भोक पडते. माझे 46 आणि 16 आहेत, त्यामुळे ती झीज आठ जागी वाटली जाते. चेन मात्र मी मुलीच्या फूटपट्टीने मोजतो: 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात, एक अष्टमांश इंचाने वाढल्या की चेन बदलायची. या पट्टीवरचे ग्रीसचे डाग शाळेत दाखवायला मुलीला लाज वाटते, ती वेगळी तक्रार.

गावात पावसाळ्यात पाणंदीची काळी माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी गच्च बसते, की चाकाबरोबर पायही जागच्या जागी थिजतात. एकदा मी ती तशीच ढकलत बाजारातल्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने पायडल उलटे फिरवून पाहिले आणि निदान केले, "काका, याचं फिरवील जाम झालं जी." फिरवील नाहीच म्हटल्यावर त्याने चाक काढून हब उलटून पाहिला. दुसऱ्या बाजूलाही आटे होते, फ्रीव्हीलसाठीच ठेवलेले. अकरा वर्षांपूर्वीचे ग्रीस तिथे काळे होऊन बसले होते. अंगठ्याने ते पुसत तो म्हणाला, "ही बाजू तं कोरीच हाय."

त्याच्याकडे साध्या काळ्या सायकलींचे 18 दात्यांचे फ्रीव्हील होते आणि ते त्या आट्यांवर चपखल बसत होते. मी ते विकत घेतले, बसवले मात्र नाही. वर्तमानपत्राच्या पुडीत ते ओसरीतल्या खुंटीला टांगलेले आहे, आणि शेतातून परतताना नाल्याच्या उतारावर रोज संध्याकाळी मला त्याची आठवण होते.