सराट्यानं उघडणाऱ्या ट्रॉल्या आणि हँडलची भानगड (माझा अनुभव)

तीन आठवडे आम्ही सैपाकघरातल्या ट्रॉल्या सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, उघडल्या. खरंच सांगते. फटीत सराट्याचं टोक घालायचं, हळूच पुढं ओढायचं आणि मग बोटानं धरायचं. कापसाचे पैसे आले म्हणून एकदाचं सैपाकघर करून घेतलं, ओटा झाला, सनमायका लागला, चॅनल बसले, सगळं झालं आणि हँडलचं काय तर वाढई भाऊ म्हणाले, "वहिनी, ते तुमच्या पसंतीनं आना, मी लावून देतो." मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यात काय पसंत करायचं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. इथल्या दुकानात हँडलचे तीनच प्रकार होते आणि तिन्हीवर धूळ, म्हणून म्हटलं अकोल्याला जाऊ, एसटीत बायांना हाफ तिकीट आहेच. तर अकोल्याच्या दुकानात भिंतभर हँडल! सोनेरी, काळे, गुलाबी तांब्यासारखे, काचेचे नॉब, फुलाफुलाचे चिनी मातीचे नॉब, आणि ते चिनी मातीचे मला इतके आवडले की सोळाच्या सोळा घेणारच होते. सोळा म्हणजे ओट्याखालचे सहा ट्रॉलीचे, सिलेंडरच्या दोन शटरचे, सिंकखालचे दोन आणि वरच्या कपाटांचे सहा. पण यांनी येताना बजावलं होतं की एकदम घेऊ नको, नमुने आण. मग चार नमुने आणले, परत घ्यायच्या बोलीवर: एक नॉब, एक बारीक नाजूक हँडल, एक टी सारखं दोन्ही टोकं बाहेर आलेलं, आणि एक साधं गोल वळणाचं डी सारखं.

दुकानात मी शहाणपणा करून लोहचुंबक नेलं होतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर स्टील, इतकं मला माहीत होतं. एकाला चिकटलं, वरून चकाचक क्रोम पण आतून लोखंड, ते बाजूला ठेवलं. मग दुसरं नाही चिकटलं म्हणून मी खुश, तर तिथं काम करणारे एक वयस्क काका हसले आणि म्हणाले, ताई, हे जस्ताचं आहे, जस्ताला बी चुंबक चिकटत नाही. हँडलच्या पायाच्या आत बघा, करडं आणि खरबरीत दिसलं तर ओतलेलं जस्त. आणि स्टीलमध्येही २०२ आणि ३०४ असतं, दोन्हीला चुंबक धरत नाही म्हणून चुंबकानं ते कळतच नाही. ३०४ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, २०२ मध्ये निकेल कमी, म्हणून ३०४ गंजायला उशीर लावतं. काका बिचारे मालकाच्या समोरच सांगत होते, मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

हे सगळं मी इतकं कान देऊन का ऐकलं तर आमचं पाणी. आम्ही खारपाणपट्ट्यातले, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला तो पट्टा. प्यायला नळाचं पाणी येतं पण भांडे, धुणं, ओटा पुसणं सगळं बोअरच्या पाण्यावर, आणि ते पाणी कशावरही वाळलं की पांढरा थर. माझ्या माहेरी नवीन नळाची तोटी वर्षभरात फोड आल्यासारखी झालेली मी पाहिली आहे. म्हणून घरी आल्यावर ते चुंबक चिकटलेलं हँडलही (हो, ते पाचवं, स्वस्त होतं म्हणून तेही आणलं होतं) आणि स्टीलचं डीवालं असे दोन्ही वाटीत बोअरच्या पाण्यात घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी पाचव्याच्या स्क्रूच्या भोकातून तांबडं पाणी. संपला विषय.

बाकीच्यांची परीक्षा मात्र आईंनी घेतली, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. वाढई भाऊंकडून उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर चारही नमुने लावून घेतले आणि तो तुकडा ओट्याला टेकवून ठेवला, येता जाता ओढून पाहायला. आईंच्या बोटांना संधिवात आहे. त्या भाकरीचं पीठ मळत होत्या तर मी म्हटलं, आई, हात न धुता ओढून पाहा बरं. माझा लाडका चिनी मातीचा नॉब धरला तर पिठाच्या हातातून सटकला, परत धरला, परत सटकला. "काय वं हे, चिमटीत धरा लागते, माह्या बोटाईत जीव हाय का तेवढा?" बारीक हँडल धरलं तर बोटंच आत जाईनात. मोजलं तर हँडल आणि प्लायच्या मधे जेमतेम १८ एमएम जागा. "यात बोट शिरत नाही, नख शिरते." डीवाल्यात ३० एमएम होती, त्यात त्यांनी दोन बोटं अडकवली आणि प्लायचा तुकडाच ओढून आणला. म्हणजे पकडायचं नाही, अडकवायचं. मी इतके दिवस रंग बघत होते.

टीवालं मलाच बाद करावं लागलं. दिसायला एकदम शहरी. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या बाहेर आलेल्या टोकात माझा पदर अडकला, मी पुढं गेले आणि प्लायचा तुकडा माझ्या मागं फरफटत आला. तो तुकडा होता म्हणून हसले, भांड्यांनी भरलेली ट्रॉली असती तर? शिवाय पोरगं आमचं तीन वर्षांचं, त्याचं कपाळ बरोब्बर वरच्या ट्रॉलीच्या उंचीला येतं. जाऊबाईंनी अमरावतीला हँडलच लावले नाहीत, शटरच्या काठालाच ॲल्युमिनियमची पट्टी, छान दिसते, पण त्या खाचेत पीठ आणि हळद बसते आणि त्या दर आठवड्याला जुन्या टूथब्रशनं ती खरवडतात हे त्यांनी स्वतः सांगितलं. आमच्याकडे वावरातली धूळ वेगळीच.

तर ठरलं, स्टीलचं डी, ३०४, मॅट, एक ९० रुपयांचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, चार इंची आहे ना ताई, ठेवतो सतरा. एक जास्तीचं. आणि मीही वाढई भाऊंना सांगून टाकलं की चार इंचीच घेते आहे. इथंच सगळी माती झाली.

मी अकोल्याला गेले त्याच दिवशी भाऊंनी वेळ वाचावा म्हणून वरच्या सहाही शटरला भोकं पाडून ठेवली, टेप लावून बरोब्बर चार इंचावर. मी १५३० रुपयांची पिशवी घेऊन आले, पहिलं हँडल लावायला घेतलं, एक स्क्रू गेला, दुसरा जाईना. फिरवून पाहिलं, दुसरं घेतलं, तेही नाही. मग पाकीट वाचलं, ९६ एमएम. चार इंच म्हणजे १०१.६! बाजारात ९६ च्या हँडलला सरसकट चार इंची म्हणतात, आणि माप घ्यायचं ते एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंत, हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "मंग १२८ चं आनू, एक भोक तेच ठेवू." पण मग दुसरं भोक हँडलच्या खाली उघडं दिसणार, नवीन सनमायक्यावर. मी रडायच्या बेतात.

पण माणूस हुशार आहे हो. थोडा वेळ पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि म्हणाले, फरक साडेपाच एमएमचा, दोन्ही भोकं आतल्या बाजूला पावणेतीन पावणेतीन सरकवू, हँडलचा पाय १२ एमएम गोल आहे, जुनं भोक त्याच्याखाली झाकून जाते. गोल कानशीनं एकेक भोक आतल्या बाजूला लांबवलं, मागून मोठा वायसर टाकला आणि कसलं. समोरून काही म्हणजे काही दिसत नाही. बारा भोकं, अख्खी दुपार गेली, दोनदा चहा झाला.

खालच्यांसाठी मग त्यांनी प्लायचा एक छोटा साचाच केला, नवीन हँडल त्यावर ठेवून भोकं पाडलेला, तो शटरवर धरायचा आणि ५ एमएमचा ड्रिल समोरून मागं, मागं लाकडाचा तुकडा दाबून धरलेला म्हणजे सनमायक्याची कपची उडत नाही. तो तुकडा धरायचं काम माझं. ट्रॉल्यांना आडवे, मधोमध. वरच्या शटरला उभे आणि अगदी खालच्या कोपऱ्याजवळ, काठापासून दोन इंचावर, कारण आई बुटक्या आहेत आणि मधे लावलं असतं तर त्यांना स्टूल घ्यावा लागला असता.

चमचे-सुऱ्यांच्या दोन ट्रॉल्या राहिल्या. त्यांना पेटी वेगळी आणि समोरची फळी वेगळी, दोन्ही मिळून जाडी ३६ च्या वर, आणि पाकिटातला स्क्रू २५ एमएम, तो पलीकडं निघतच नाही. दर्यापूरहून ४५ चे सुटे आणले, आटे तेच, एम ४. त्यातला एक जरा लांब पडला, आत टेकला पण हँडल सैलच, मग तो आरीनं चार एमएम कापला.

चिनी मातीचा नॉब मी परत नाही केला. देवघराच्या छोट्या कपाटाला लावला, तिथं पिठाचे हात जात नाहीत. वरच्या सहातलं एक हँडल मात्र अजून जरा हलतं, डावीकडून दुसरं. भाऊंना फोन केला तर म्हणाले, "हरभरा निघाला का येतो वहिनी, तवर जोरानं नका वढू." त्यात आम्ही सध्या पापड ठेवले आहेत.