मोडलेला फड

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठचं माझं फील्डवर्क संपत आलं होतं. पीएच.डी.चा विषय फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून चालवलेलं सामाईक सिंचन. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. सामाईक गोष्ट माणसं ओरबाडून संपवतात, असं पर्यावरणतज्ज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडलं. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये ठिकठिकाणची उदाहरणं तपासून, सामाईक व्यवस्था जिथे टिकतात तिथली आठ तत्त्वं दाखवली. त्या आठांचा तक्ता घेऊन मी गावात हिंडत होते.

तक्ता भराभर भरला. राखण? जागल्या करतो. पाणी? पाटकरी देतो, शेतकऱ्यानं पाटाला हात लावायचा नाही. टंचाईत पाटाच्या शेपटाकडच्यांना कोरडं ठेवत नाहीत, अख्खा एक फड पडीक ठेवतात. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे झळ सगळ्यांनाच. आठपैकी आठ! मी मनातल्या मनात प्रबंध बांधायलाही टाकला होता.

निघायच्या आदल्या दिवशी पाटकरी आप्पा म्हणाले, "ताई, सगळे चालू फडच पाहिलेत तुम्ही. माझ्या साडूच्या गावचा मोडलाय. तिथंही असाच पाटकरी होता."

मोटारसायकलवरून गेलो. पाटात बाभळी माजलेल्या. साडूंपुढे तोच तक्ता ठेवला आणि पोटात गोळा आला. इथेही आठपैकी आठ. हद्द, जागल्या, दंड, सगळं होतं.

"मग मोडला कसा?"

त्यांनी शेताकडे बोट केलं. विहिरी, त्यांवर मोटारी. "ज्याची विहीर झाली तो पाटातला गाळ काढायला येईना. दंड केला, भरेना. पाणी तोडतो म्हटलं, तर म्हणाला, तोड."

नियम कागदावर शाबूत होता, त्याचा धाक गेला होता. पाण्यावर अवलंबून असणं किती महत्त्वाचं, हे ऑस्ट्रॉम यांच्या लिखाणात आहे. पण ते आठांत नाही म्हणून मी सोडून दिलं होतं. टिकलेलीच गावं निवडायची आणि ती का टिकली ते सांगायचं, हा उद्योग मी चार महिने केला होता.

गाइडना फोन केला. ते हसले. "आता दोन चालू, दोन बंद घे." म्हणजे आणखी सहा महिने.

रात्री तक्त्यात नववा रकाना आखला: घरची विहीर आहे का? चालू गावात हे मी एकालाही विचारलं नव्हतं. सकाळची धुळ्याची एसटी सोडून दिली.