बाण काही शोरूममधून हलेना

गाडी घेण्यातल्या बाकी कशाबद्दल माझी तक्रार नाही. कर्ज आठवड्यात मंजूर झालं, पासिंग झालं, नंबर आला. राग आहे तो शोरूमच्या ॲक्सेसरीज काउंटरवर, आणि चार महिने झाले तरी उतरलेला नाही.

आम्ही मधलं व्हेरिएंट घेतलं. नेव्हिगेशन कंपनीतूनच हवं तर वरचं घ्यायचं, आणि फरक लाखाच्या पुढे. सेल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आपल्याकडेच बसवून देतो ना, सेम टू सेम." ९ इंची स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, सगळं मिळून २८,५०० रुपये. माझं माहेर माणगावला, ताम्हिणीतून सारखं जाणं-येणं. घाटात फोनला रेंज नसते, मला नकाशा हवाच होता. दसऱ्याला डिलिव्हरी. हार, नारळ, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून फोटो. त्या गडबडीत स्क्रीन कोण तपासतंय!

कोथरूडला घरी पोचलो तरी नकाशावरचा निळा बाण शोरूमच्या दारातच उभा. सासरे म्हणाले, "सूनबाई, गाडी आपण आणली ना नक्की?"

पहिल्या खेपेला काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नेट चालू करा, रेंज नसेल." मी हॉटस्पॉट लावून दाखवला. बाण जिथल्या तिथे. वास्तविक जागा कळते ती उपग्रहांवरून, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं नकाशाचं चित्र उतरवायला. (म्हणूनच घाटात जायच्या आधी घरच्या वायफायवर रायगड आणि मुळशीकडचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. हे मला नंतर सुचलं.) पण हे त्यांना सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी त्यांच्या पगाराची चौकशी केली असावी.

दुसऱ्या खेपेला 'सॉफ्टवेअर अपडेट'. साडेतीन तास मी काचेच्या खोलीत मशीनची कॉफी पीत बसले. गाडी धुऊन मिळाली. बाण तिथेच.

तिसऱ्या खेपेला मी सर्व्हिसच्या खिडकीशी गेले. तिथली मुलगी म्हणाली, जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीची नोंद, उघडता येणार नाही, गाडीच्या चॅसिस नंबरवर हा स्क्रीनचा सेट दिसतच नाही. ॲक्सेसरीजवाले म्हणाले, बिल दाखवा. बिल काढलं तर त्यावर शोरूमचं नावच नाही! वेगळीच फर्म, वेगळा जीएसटी नंबर. "मग हे व्हेंडरचं काम, मॅडम. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो." मंगळवारी गेले, तो आला नव्हता. शुक्रवारी आला होता, जेवायला गेला होता. वॉरंटी कार्डावर शिक्का शोरूमचा हवा की व्हेंडरचा, यावर माझ्यासमोर दोघांचं वाजलं. कार्ड कोरंच राहिलं. इथे माझा आवाज चढला, कबूल करते. सेटचं बिल हातात घेतलंत की पहिल्यांदा वरचं नाव वाचा. पैसे घेताना 'आपल्याकडेच' असतं, तक्रार घेऊन गेलं की 'व्हेंडर'.

दरम्यान भाच्याने सेटमध्ये उपग्रह मोजणारं एक फुकटचं ॲप टाकून दिलं. त्यात आलं: दिसणारे १, वापरातले ०. जागा नीट ठरायला निदान ४ लागतात. त्याच जागी माझ्या फोनवर वापरातले ११. मी फोटो काढला, व्हेंडरला दाखवला, काउंटरवरच्या साहेबांना दाखवला, शेवटी मॅनेजरच्या टेबलावर फोनच ठेवला. सोबत विचारलं, "१९१५ला लावू का?" ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तो नंबर पाठ असल्याचा इतका उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.

१० मिनिटांत एक फिटर आला. २० वर्षांचा असेल नसेल. त्याने प्लास्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची कड उचकटली, आत हात घातला आणि आगपेटीएवढी एक काळी चौकोनी वडी बाहेर ओढली. "ताई, हा अँटेना. लोखंडी पट्टीच्या खाली चिकटवलाय, आणि तोही उलटा." अँटेनाला आकाश दिसावं लागतं. प्लास्टिक चालतं, काच चालते, डोक्यावर धातू आला की संपलं. त्याने नवी डबल टेप लावून वडी काचेलगत वरच्या प्लास्टिकखाली बसवली. आम्ही गाडी बाहेर उन्हात आणली. मिनिटभर काही नाही, मग आकडा ३, ५, ९ असा चढला आणि बाण एकदाचा हलला. पाच आठवडे, सहा खेपा, आणि काम चहा निवायच्या आत. मी त्याला ५०० रुपये दिले. काउंटरवरच्या साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा डिलिव्हरीच्या दिवशी मुहूर्त टळला तरी चालेल, पण दोन किलोमीटर चक्कर मारून बाण सोबत येतो का ते बघा. वायर कापून जोडू देऊ नका, गाडीच्या सॉकेटला बसणारा कपलर मागा. कापलेल्या वायरिंगवर पुढे वॉरंटीचा वाद होतो. विम्याचंही बघा. बाहेरून बसवलेला सेट पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून किमतीसकट नोंदवावा लागतो, हप्ता साधारण त्या किमतीच्या ४ टक्के वाढतो. आमचा नोंदवलेला नव्हता, मी नंतर करून घेतला.

आणि हो, गाडीतून काढलेला मूळ स्टिरिओ मागून घ्या, तो तुमचाच असतो. मी चौथ्या फोननंतर मिळवला. घरी येऊन खोकं बघितलं तर त्यावर चॅसिस नंबर भलत्याच गाडीचा. ते खोकं माळ्यावर आहे. त्या गाडीचा मालक कधी आलाच तर देईन.