राइड मागितली, झाडू मिळाला

थीम पार्कमध्ये इंटर्नशिपच्या पोस्टिंगची यादी लागली की सगळ्यात जास्त तोंडं पडतात ती आमच्या विभागात आलेल्यांची. अर्जात प्रत्येकाने राइड ऑपरेशन्स, शो, गेस्ट रिलेशन्स असं काहीबाही भरलेलं असतं. सफाई कुणीच लिहीत नाही. पण यादी पसंतीवर लागत नाही, माणसं कुठे कमी पडतायत त्यावर लागते. सफाईत माणसं कायमच कमी पडतात.

सफाईत आलेल्या नव्या इंटर्नना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. गर्दीच्या सीझनला आलेला एक मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा होता आणि त्याला रोलर कोस्टरच्या कंट्रोल पॅनेलजवळ उभं राहायचं होतं. झाडू-सुपली हातात घेण्याआधीच त्याने विचारलं, "मॅडम, बदलीचा अर्ज कुणाकडे द्यायचा?"

प्रश्न रास्त होता, वेळ चुकीची होती. प्रत्येक राइडचं ट्रेनिंग वेगळं असतं आणि शेवटी परीक्षा असते. एका राइडवर पास झालेला माणूसही दुसऱ्या राइडवर तसाच उभा करता येत नाही. सीझनच्या सुरुवातीला ट्रेनर मंडळींचा एकेक तास आधीच वाटलेला असतो. अशा आठवड्यात आलेल्या अर्जाला 'नाही' म्हणण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नसतं, आणि ते 'नाही' फाइलला लागून राहतं. आधी आपल्या जागेचं ट्रेनिंग पूर्ण करून सही मिळवावी. मग 'बदली' न मागता 'जादा ट्रेनिंग' मागावं: कोणत्या राइडचं, कोणत्या वारी, किती वाजता मोकळा आहे, एवढं दोन ओळींत लिहून. सुपरवायझरला रोस्टरमधली रिकामी चौकट भरायची असते. तुमचं स्वप्न भरायला रोस्टरमध्ये रकाना नसतो. अपवाद एकच. रसायनांची अ‍ॅलर्जी, दमा, पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पहिल्याच दिवशी सांगावं, तिथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

त्याला म्हटलं, "काम नको म्हणजे नेमकं काय नको, ते सांग." बहुतेकांची उत्तरं तीनच असतात: पाय दुखतात, घाण वाटते, लोक आपल्याकडे बघतही नाहीत. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि पहिला सगळ्यात सोपा आहे. बुटांचे दोन जोड, एक दिवसाआड. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाय सुजलेले असतात. सकाळी बसलेला बूट दुपारी चावतो. झाडू मनगटाने मारायचा, कमरेतून वाकायचं नाही. लांब दांड्याची सुपली त्यासाठीच असते. वारा पाठीवर घ्यायचा. आणि गर्दीच्या उलट दिशेने चालत झाडायचं, म्हणजे लोक समोरून दिसतात. गर्दीच्या दिशेने झाडणाऱ्याच्या टाचेवर दर दहा मिनिटांनी कुणाची तरी बाबागाडी येते.

कचरापेटीचेही नियम आहेत. दोन तृतीयांश भरली की पिशवी बाहेर, काठोकाठ भरायची वाट बघायची नाही. हाताने दाबायचं तर कधीच नाही, आत काच किंवा सुई असू शकते. उचललेली पिशवी मांडीपासून लांब धरायची. पुढच्या पिशव्या पेटीच्या तळाशी ठेवून द्यायच्या, म्हणजे दर वेळी स्टोअरकडे धावावं लागत नाही.

मुलगा हुशार होता, हे सगळं पटापट उचललं. चेहरा मात्र तसाच. मग सुट्टीतला तो एक शनिवार आला.

दुपारची परेड तीनला होती. परेडच्या रस्त्यावर लोक तासभर आधी बसतात, खातात, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल त्या पेटीत टाकतात. म्हणून त्या पेट्या परेड सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पूर्ण रिकाम्या लागतात. दोरी लागल्यावर ढकलगाडी आत नेता येत नाही. त्या कामात असतानाच रेडिओवर कोस्टर थांबल्याचं आलं.

कोस्टर थांबला म्हणजे काही तुटलं असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा उलट असतं, यंत्रणा नेमून दिलेलंच काम करत असते. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच ट्रेन जाऊ शकते. पुढचा भाग मोकळा झाल्याची खूण सेन्सरकडून आली नाही, तर मागची ट्रेन ब्रेकवर किंवा चढावरच्या साखळीवर अडकवली जाते. त्या दिवशी एक ट्रेन चढावर आणि एक मधल्या ब्रेकवर उभी राहिली. दोन्हीकडे ट्रॅकला लागून जिना असतो. लोकांना उतरवायचं काम फक्त राइडची आणि मेंटेनन्सची माणसं करतात, तेही एकेक डबा करून, कारण चढावर मांडीवरचा दांडा आपोआप उघडत नाही, प्रत्येक रांगेचा हाताने सोडवावा लागतो. सगळे उतरले, बिघाड सापडला, तरी राइड लगेच चालू होत नाही. आधी रिकाम्या ट्रेन फिरवून बघतात.

आमच्या वाट्याला आली ती रांग. सात-आठशे माणसं तासभर उभी राहून नुसतीच बाहेर पडली, आणि बाहेर पडायचा रस्ता परेडच्या दोरीला जाऊन भिडत होता. राइडवाले आत अडकलेले, म्हणून तोंडाशी उभे केले ते सफाईवाले. सूचना एवढीच होती: किती वेळ लागेल ते सांगायचं नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. 'पंधरा मिनिटं' असं एकदा तोंडातून गेलं की सोळाव्या मिनिटाला तोच माणूस तुमच्यासमोर उभा राहतो. बंद आहे एवढं सांगायचं, जवळचा पर्याय दाखवायचा आणि हाताने रस्ता दाखवायचा. माझ्या इंटर्नला लोक दोन्ही बाजूंनी बोलत होते. 'आपल्याकडे कुणी बघतही नाही' ही त्याची तक्रार त्या तासाभरात तरी मिटली असावी.

एवढ्यात शेजारच्या, इमारतीच्या आत असलेल्या राइडच्या रांगेत एका लहान मुलाने उलटी केली. ऊन, आइस्क्रीम आणि गोल फिरणारी राइड एकत्र आली की हे व्हायचंच, एरवी आम्ही त्याला प्रसंगही म्हणत नाही. पण ते बंदिस्त रांगेत झालं आणि परेडच्या वेळेला झालं. हे काम जवळून दाखवण्यासारखं आहे, कारण घाण वाटते ती बहुतेक वेळा काम कसं करायचं ते माहीत नसल्यामुळे.

आधी माणसं बाजूला. राइडच्या माणसाला सांगून रांग दुसऱ्या वळणातून वळवायची आणि दोन्ही टोकांना पिवळे कोन ठेवायचे. शिंतोडे दिसतात त्याहून बरेच लांब उडालेले असतात, म्हणून जागा ऐसपैस अडवायची. मग मास्क आणि ग्लोव्हजचे दोन जोड, एकावर एक. शोषक पावडर कडेकडून मध्यापर्यंत पसरायची आणि घट्ट व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्यायची. इथेच नवी मुलं घाई करतात आणि लगदा जमिनीच्या फटींत ढकलतात. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी बाहेरून आत ओढत उचलायचं, पुठ्ठ्यासकट पिशवीत टाकायचं. वरचे ग्लोव्हज त्याच पिशवीत, पिशवीला गाठ, ती दुसऱ्या पिशवीत.

त्यानंतर साबणाचं पाणी, आणि ब्लीच सगळ्यात शेवटी. पहिल्यांदाच ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच झुंजण्यात संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. उलटीमागे नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणू, असू शकतो असं धरूनच चालायचं, आणि त्यासाठी १००० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन लागतं. हिशेब सोपा आहे: ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिलिलिटर घेऊन एकूण एक लिटर द्रावण केलं की १००० पीपीएम, १०० मिलिलिटर घेतले की ५०००. द्रावण रोज ताजं करायचं. जमीन निदान पाच मिनिटं ओली राहिली पाहिजे. लगेच पुसलं तर नुसता वास उरतो. रांगेचे लोखंडी दांडे नंतर साध्या पाण्याने पुसायचे, नाहीतर गंजतात. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियाचा क्लीनर मिसळायचा नाही, त्यातून विषारी वायू निघतो. शेवटी हात साबण-पाण्यानेच धुवायचे. अल्कोहोलचं जेल या विषाणूपुढे फारसं चालत नाही.

हे सगळं त्याने माझ्यासमोर केलं आणि रांग वीस मिनिटांत परत चालू झाली. त्या आईची समजूत काढण्यात माझा जास्त वेळ गेला. अशा वेळी पालक ओशाळलेले असतात. मुलाला पाणी आणि आईला ओला रुमाल द्यायचा, सफाई आपण बघतो म्हणायचं आणि त्यांना तिथून जाऊ द्यायचं.

परेड संपली तोवर ढग भरून आले होते. परेडच्या मागे झाडणारी रांग इंग्रजी 'व्ही'च्या आकारात चालते: कडेचे पुढे, मधले मागे, कचरा मध्यावर येतो आणि मागून यांत्रिक झाडू तो उचलतो. परेडमध्ये उडवलेली कागदी चमचम कोरडी आहे तोवर दहा मिनिटांचं काम. भिजली की रस्त्याला चिकटते, रंग सोडते, आणि पाइपने पाणी मारलं तर थेट गटाराच्या जाळीत जाऊन बसते. म्हणून पाऊस येण्याआधी सगळे त्याच रस्त्यावर. पावसानंतर वायपरने पाणी जाळीकडे, इमारतीतल्या रांगांच्या तोंडाशी पायपुसण्या. घसरून पडण्याचे प्रकार मुख्यतः तिथेच होतात.

पार्कच्या धंद्यात सफाईला एवढं महत्त्व काही काल आलेलं नाही. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं तेव्हापासून तिथे सफाईचा वेगळा विभाग आहे, चक बोयाजियन त्याचे पहिले प्रमुख. फ्लोरिडातलं डिस्नीचंच मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडलं ते कचरा हवेच्या जोरावर नळ्यांतून ओढून नेणारी स्वीडिश यंत्रणा जमिनीखाली बसवून. आणि त्यांच्या पार्कांत च्युइंग गम विकतच नाहीत. जमिनीला चिकटलेला गम तासणीने खरवडून काढलेल्या कुणालाही यातलं शहाणपण कळेल.

संध्याकाळी कोस्टरच्या मुलांबरोबर चहा घेताना त्याने पॅनेलची चौकशी केली. उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. पॅनेलवर एकाच जागी फार वेळ बसू देत नाहीत, लक्ष उडतं म्हणून माणसं फिरवतात; उरलेला वेळ दांडे ओढून तपासायचे, अंगठा वर करायचा, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. वर आकड्यांचा तगादा. २४ जणांची ट्रेन दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला ७२० माणसं. प्रत्येक खेपेला नुसता अर्धा मिनिट उशीर झाला तर ५७६. ते ७२० चं उत्तर रोज द्यावं लागतं, आणि राइड बंद पडली की शिव्याही त्यांनाच. ते काम वाईट आहे असं नाही. अर्ज भरताना डोळ्यांसमोर असतं ते हे नव्हे, एवढंच.

इंटर्नशिपच्या अहवालात बरीच मुलं 'सफाई विभागात काम केलं' एवढं लिहून मोकळी होतात आणि मग मुलाखतीत बोलायला काही राहत नाही. त्याला रोजची वही ठेवायला लावली: कोणती पेटी किती वाजता भरते, कुठे सांडतं, रांग कुठे तुंबते. त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. कोस्टरमधून बाहेर पडणारे लोक फोटोच्या काउंटरमुळे उजवीकडे वळतात आणि आमची पेटी डावीकडे होती. डावी अर्धी रिकामी, उजव्या भिंतीशी ग्लासांचा ढीग. पेटी हलवली, ढीग गेला. असं एक पान अहवालात असलं की विभागाचं नाव काय होतं ते कुणी विचारत नाही.

ट्रेनिंगची सही झाल्यावर त्याने जादा ट्रेनिंगचा अर्ज दिला, दोन ओळींचा, सकाळच्या मोकळ्या तासांसह. कोस्टरवर नाही, पण कोस्टरखाली जागा मिळाली: उघडण्याआधी स्टेशनखालच्या खड्ड्यातल्या टोप्या, चष्मे, नाणी काढायची. तिथे उतरायचा क्रम ठरलेला आहे. आधी कंट्रोल रूममध्ये सही, मग वीज तोडणाऱ्या स्विचवर स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग, चावी स्वतःच्या खिशात, ट्रेन हलत नाही याची ऑपरेटरकडून खात्री, आणि मगच झाडू घेऊन खाली. खाली चार माणसं असतील तर स्विचवर चार कुलपं लागतात. प्रत्येकाने वर येऊन आपलं कुलूप आपल्या हाताने काढल्याशिवाय राइड चालू होत नाही.